आईचा 'शास्त्रीजींचा सोमवार': उद्यापन कसं करायचं?

सोमवारची लेक (१३ जानेवारी २०२६)

नमस्कार मंडळी. प्रश्न आईच्या जेवणाचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. जरा लांबण लागेल.

आई ८८ वर्षांची आहे. १९६५ पासून ती सोमवारी रात्री जेवत नाही. हा शंकराचा सोमवार नव्हे. लालबहादूर शास्त्रींचा.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमचं नवी पेठेतलं बिऱ्हाड १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेलं. त्यानंतर गोखलेनगरला, पूरग्रस्तांच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पाकिस्तानबरोबरच्या लढाईच्या दिवसांत दोन-दोन पाळ्या करून यायचे आणि सायकल दाराशी लावली की घरात न शिरता पायरीवरच बसून राहायचे. त्या वर्षी पावसानंही दगा दिला. रेशनवर कधी अमेरिकेचा गहू, कधी तो लाल मिलो. मिलोची भाकरी थापताना कडेनं फाटायची. आई पाण्याचा हात लावून लावून ती सांधायची.

मग शास्त्रीजींनी सांगितलं, आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, सोमवारी रात्रीचं. धान्यासाठी दुसऱ्यांपुढे हात पसरायला नको. आमच्या वसाहतीत घरोघरी हे धरलं. एरवी संध्याकाळी स्टोव्हचा जो एकसुरी आवाज गल्लीभर असायचा, तो सोमवारी नसे. गावात हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद असायची. आम्हा मुलांना सक्ती नव्हती. धाकटा भाऊ जेवायचा, मी मात्र हट्टानं बसायची नाही.

आईनं आणखी एक केलं. जे शिजवायचं वाचलं ते ती वेगळं काढायला लागली. डालड्याच्या पिवळ्या डब्यात दर सोमवारी दिवे लागले की तीन मुठी धान्य: तिची, अण्णांची आणि माझी. माझी मूठ मीच टाकायची, आणि ती लहान भरते म्हणून मला वाईट वाटायचं. महिना भरला की अण्णा ते धान्य जवानांसाठी वस्तू गोळा करणाऱ्यांकडे पोचवून यायचे.

१० जानेवारी १९६६ हा सोमवार होता. रात्री शेजारच्या मर्फी रेडिओवर बातमी आली की ताश्कंदला शास्त्रीजींनी पाकिस्तानशी करार केला. आम्ही न जेवता झोपलो. मंगळवारी आई नेहमी लवकर उठायची, आदल्या रात्रीची पोटं रिकामी म्हणून. पहिली भाकरी तव्यावर होती. शेजारच्या काकू दारात आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. आईनं वर पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, शास्त्रीजी गेले."

आईनं तवा खाली उतरवला. भाकरी एका अंगानं भाजलेली, दुसऱ्या अंगानं कच्ची, तशीच राहिली. ती उठून मोरीत गेली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. घरचं माणूस गेल्याचं कळल्यावर घेतात तसं. मी दाराच्या फटीतून पाहत होते. तांब्यामागून तांब्या, आणि तोंडातून आवाज नाही. अण्णा कामावर गेले, पण डबा न घेता गेले. तीन दिवसांवर संक्रांत होती. त्या वर्षी आईनं वाण लुटलं नाही.

जेमतेम एकोणीस महिने तो माणूस पंतप्रधान होता. त्यांना पाहिलेलं आमच्या घरात कुणीच नव्हतं.

पुढे एकेका घरानं सोमवार सोडला. आईनं नाही. आजीचं म्हणणं असायचं, "श्रावणी सोमवार रात्री सोडायचा असतो, तू रात्रीच धरून बसतेस, हे कुठं लिहिलंय?" तेव्हा आई श्रावणात चार वाजता, दिवेलागणीच्या आत सोडायला लागली. माझं लग्न १९८० साली सोमवारी निघालं. रात्रीच्या पंगतीत तिनं सगळ्यांना आग्रह करून वाढलं आणि स्वतः पाणी पिऊन निजली. डबा आजही आहे, पिवळा रंग पार उडालेला. आता धान्य कधी कामवाल्या मावशींना जातं, कधी देवळाबाहेर बसणाऱ्यांना. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. गावात जायचं तर दांडेकर पुलावरून शास्त्री रस्त्यानेच रिक्षा जाते, आणि रस्त्याच्या नावाची पाटी आली की ती हात जोडते.

आता अडचण. तिला साखरेच्या गोळ्या आहेत. ५ जानेवारीला, सोमवारीच, पहाटे तीनच्या सुमाराला मला जाग आली ती तिच्या बांगड्यांच्या आवाजानं. हात थरथरत होते, पोलकं घामानं चिंब. साखर मोजली तर ५२. साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळानं ओळख पटून बोलायला लागली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, रात्रीचं जेवण चुकवायचं नाही.

काल पुन्हा सोमवार. ताट वाढलं. तिनं दुसरं ताट घेऊन ते झाकून ठेवलं. मी रडले, ओरडलेही. ती शांतपणे म्हणाली, "शब्द त्यांना दिला होता. आता पुरे, असं त्यांनी म्हटलं असतं तर सोडलं असतं. म्हणायला ते परत आलेच नाहीत."

यावर मी काय बोलणार? तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा सोमवार होता का? तो कसा थांबवला? याचं उद्यापन असतं का?

---

निवृत्त सिस्टर (१३ जानेवारी)

ताई, आधी तब्येतीचं बोलते. साखरेच्या काही गोळ्या माणूस जेवला काय, न जेवला काय, साखर खाली ओढतच राहतात. या वयात मूत्रपिंडं मंदावतात, गोळी अंगात जास्त वेळ राहते. म्हणून उपास आणि ती गोळी हे दोन्ही एकत्र चालणार नाही. स्वतःच्या मनानं गोळी अर्धी करू नका, चुकवूही नका. "आई सोमवारी जेवत नाही" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि गोळी बदलता येईल का ते विचारा. तोवर सोमवारी झोपताना आणि पहाटे तीनला साखर मोजा. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आईंना दटावू नका एवढंच सांगते. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. दटावलेला म्हातारा माणूस हो म्हणतो आणि गोळी उशीखाली ठेवतो.

---

नारायण पेठकर (१४ जानेवारी)

वय ८१. तुमचं वाचून संक्रांतीचा तिळगूळ तोंडात फिरला.

आमच्याकडे वडिलांनी सोमवार धरला होता, तो १९६७ पर्यंत चालला. पुढे त्यांना अल्सर झाला आणि डॉक्टरांनी थांबवला. ते शेवटपर्यंत अपराधी वाटून घेत, म्हणून तुमच्या मातोश्रींचं मन मला कळतं.

मी त्या वर्षी कॉलेजात होतो. लोकांनी एवढं का ऐकलं, हे आजच्या मुलांना सांगताना मी नेहमी एक गोष्ट सांगतो. १९५६ साली तामिळनाडूत अरियलूरला रेल्वेचा मोठा अपघात झाला, तेव्हा शास्त्रीजी रेल्वेमंत्री. गाडी काही ते चालवत नव्हते, पण जबाबदारी माझी म्हणून राजीनामा देऊन मोकळे झाले. दुसरं, पंतप्रधान असताना फियाट घेतली ती पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढून. ते गेले तेव्हा कर्ज तसंच होतं, त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते निवृत्तिवेतनातून फेडलं. असा माणूस "एक वेळ जेवू नका" म्हणतो तेव्हा आधी स्वतःच्या घरी चूल बंद ठेवून मग म्हणतो, एवढी खात्री लोकांना होती. आपल्याकडे त्यात यशवंतरावांची भर. संरक्षणमंत्री आपला माणूस, ताश्कंदलाही ते बरोबर होते.

एक छायाचित्र डोळ्यांपुढून जात नाही. ताश्कंदच्या विमानतळावर शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रशियाचे पंतप्रधान कोसिजिन होते आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखानही होते. तीन-साडेतीन महिन्यांपूर्वीपर्यंत ज्याच्या फौजेशी आपण लढत होतो, तो माणूस. वडील तो पेपर हातात धरून कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

उद्यापनाबद्दल. व्रत मोडणं वेगळं, उद्यापन वेगळं. जे संकल्प करून घेतलं ते पुरं झालं असं म्हणून सोडायचं, आणि सोडताना कुणाला तरी पोटभर जेवू घालायचं. तुमच्या मातोश्रींचा संकल्प धान्य वाचवण्याचा होता. तेव्हा भटजी-पूजा वगैरे मला तरी इथं लागू वाटत नाही. सोमवारी रात्री कुणाला तरी समोर बसवून जेवू घाला, आणि त्यांना सोबतीला बसवा. बघा पटतंय का.

---

खरं काय (१४ जानेवारी)

हे सगळं ठीक, पण ताश्कंदला त्या रात्री नेमकं काय झालं यावर कुणीच बोलत नाही. शवविच्छेदनसुद्धा झालं नाही. त्याबद्दल तुमच्या आईंना काय वाटतं?

---

सोमवारची लेक (१४ जानेवारी)

सिस्टर, आज सकाळीच डॉक्टरांना फोन केला, ते रात्रीची गोळी बदलून देणार आहेत. मनापासून आभार. काका, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. फियाटची गोष्ट तिला ठाऊक होती. ललिताबाईंनी कर्ज फेडलं हे ऐकून ती म्हणाली, "फेडणारच."

'खरं काय', तुमचा प्रश्न विचारू नये असं मी म्हणणार नाही. घरात अण्णांनीही तो विचारला होता. पण आईनं तो दिवस कायम घरातल्या मृत्यूसारखा सांभाळला आहे, त्यात चौकशी कधी आली नाही. मी तिला आत्ता हे विचारणार नाही. राग मानू नका.

---

अभ्यासिका, दुसरा मजला (१५ जानेवारी)

काकू, मी शास्त्री रस्त्यावर राहतो. गाव परभणी जिल्ह्यात, बीएस्सी ॲग्री केलंय, तीन वर्षं झाली एमपीएससीचा अभ्यास करतोय. पत्ता सांगताना दिवसातून दहादा "शास्त्री रोड" म्हणतो. मार्च २०२१ मध्ये परीक्षा पुढे ढकलली तेव्हा मुलं याच रस्त्यावर बसली होती, ते मी गावी टीव्हीवर पाहिलं होतं. 'जय जवान, जय किसान' हे एका ओळीच्या उत्तरापुरतं पाठ आहे. आजी त्या पाटीला हात जोडतात हे वाचलं आणि काल संध्याकाळी चहाला खाली उतरलो तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा त्या पाटीपाशी थांबलो.

माझ्या वहीतले आकडे सांगतो, कारण आता ते मला वेगळे दिसतायत. १९६४-६५ ला देशात सुमारे ८९ दशलक्ष टन धान्य पिकलं. पुढच्याच वर्षी, १९६५-६६ ला, सुमारे ७२. म्हणजे लढाई, दुष्काळ आणि सतरा दशलक्ष टनांची घट, हे सगळं एकाच वेळी. मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं मागवलं ते १९६६ साली. ते रानात पडलं तेव्हा शास्त्रीजी नव्हते. आता वर्षाला ३३० दशलक्ष टनांच्या पुढे जातं. आजींना हे सांगा. मधली जी दोन-तीन वर्षं काढायची होती ती अशा मुठींनी निघाली.

आमची मेस रविवारी रात्री बंद असते. कधी पैसे संपलेले असतात, केळी खाऊन झोपतो. त्यामुळे रिकाम्या पोटी झोपणं माहीत आहे, पण ते नाइलाजानं. कुणाच्या तरी शब्दाखातर आपणहून झोपणं मला ठाऊक नव्हतं.

नारायण पेठेतले काका म्हणतात तसं कुणाला जेवायला बोलावणार असाल तर मी येऊ का? आमंत्रण मागून घेतोय, पण आजींना भेटायचंय.

---

जुना ड्रायव्हर (१६ जानेवारी)

मी नात लिहितेय. आजोबा बोलतायत, ते बोलतील तसंच टाकते. त्यांचं वय ८३, आम्ही धानोरीला राहतो.

"ताई, रामराम. गाव सातारा जिल्ह्यातलं. मी १९६२ ला भरती झालो, एएससीत ड्रायव्हर. एएससी म्हणजे फौजेला रसद पोचवणारे. पासष्टला आम्ही अंबाल्याकडनं पुढं गाड्या न्यायचो. रात्रीची गाडी, दिवा नाही, पुढच्या गाडीच्या मागचा पांढरा ठिपका बघत चालवायची. माझ्या गाडीत पोती असायची. आटा, तांदूळ, डाळ. कधी दारूगोळ्याच्या पेट्या. पेटीवर खडकीचं नाव दिसलं की आमच्यातला एक जण हात लावून कपाळाला लावायचा. गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं. तुमचे वडील तिथं होते हे वाचलं आणि ते आठवलं.

पंजाबातली माणसं रस्त्याला उभी असायची, रोट्या घेऊन, लस्सीच्या बादल्या घेऊन. गाडी थांबवून खायला लावायची. म्हातारी माणसं आमच्या डोक्यावरून हात फिरवायची.

शास्त्रीजी गेले तेव्हा आम्ही पुढंच होतो, अजून माघारी आलो नव्हतो. सकाळी लंगरवर कळलं. चहाचं पातेलं चुलीवर होतं, मग घेऊन कुणी पुढं आलं नाही. एवढे हत्यारी गडी, पण मान वर करंना कुणी.

आता तुमच्या आईसाहेबांना माझा निरोप सांगा. धान्य पोचलं. तुमच्या डब्यातलंच पोचलं का दुसऱ्या कुणाचं, ते मला माहीत नाही, पोत्यावर नाव नसतं. पण पोचलं. आम्ही त्या लढाईत एक दिवस उपाशी राहिलो नाही. पुरे म्हणायला शास्त्रीजी राहिले नाहीत, मी राहिलोय. ज्याच्यासाठी तुम्ही घास काढून ठेवला तो मी. मी सांगतो, आता जेवा."

(नात: हे सांगून झाल्यावर आजोबा उठून बाहेर गेले. आम्हाला यातलं लस्सीचं सोडून काहीच माहीत नव्हतं.)

---

सोमवारची लेक (२० जानेवारी)

आठवडाभर लिहायचं राहिलं, क्षमा करा.

जुन्या ड्रायव्हर काकांचा निरोप मी शुक्रवारी संध्याकाळी आईला वाचून दाखवला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून कानाशी बसून. "पोचलं" या शब्दापाशी तिनं माझा हात धरला आणि परत पहिल्यापासून वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प. नंतर विचारलं, "तांदूळ कसला होता गं?" मला काय माहीत. नातीला निरोप धाडला, शनिवारी काकांचा फोन आला. काका म्हणाले, "मोठा, जाडा, पण पोट भरायचा." आई म्हणाली, "थंडी असेल तिकडं." ते म्हणाले, "होती." दोन-अडीच मिनिटं बोलले असतील, त्यात निम्मा वेळ दोघंही नुसते फोन धरून होते. शेवटी आईनं त्यांना "दादा" म्हटलं. पुढच्या महिन्यात आम्ही धानोरीला जाणार आहोत.

काल सोमवार. परभणीचा मुलगा साडेसातला आला, बरोबर अर्धा डझन केळी. आईनं त्याला विचारलं, वडिलांचं रान किती, यंदा काय पेरलं, पाऊस कसा झाला. तो मांडी घालून तिच्यासमोर खालीच बसला, खुर्ची दिली तरी घेतली नाही.

दिवे लागल्यावर आईनं डबा मागितला. थांबवलंय ना आता, असं मी म्हणणार होते, पण तिनं मूठ टाकली, त्यालाही टाकायला लावली, आणि डबा त्याच्या हातात दिला. म्हणाली, "मेस बंद असते म्हणालास ना, रविवारी खिचडी करून खा." मग मला म्हणाली, "वाढ."

गरम भाकरी, दुधीची भाजी, मुगाची आमटी. तिला अर्धीच भाकरी, दुधात कुस्करून. साठ वर्षांत सोमवारी रात्री तिला जेवताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझा घास हातातच राहिला. पहिला घास तिनं बराच वेळ चावला. मुलगा पानाकडे बघत जेवत होता, मान वर करत नव्हता.

सिस्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोजलं. झोपताना १४६, पहाटे तीनला ११८.

जेवता जेवता ती मधेच थांबली आणि मला म्हणाली, "त्या दिवशीची ती भाकरी कुणी खाल्ली गं? तव्यावरची?"

मला आठवेना. भावाला रात्रीच फोन करून विचारलं, त्यालाही आठवत नाही.